बुधवारी तीनची यादी

३ फेब्रुवारी

चि. गोटीस,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर फाड, पण निदान पहिलं पान वाचून मग.

चार वर्षांनी लिहितोय. क्षमाबिमा मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या घशाने संप पुकारला आहे. आत दोन गाठी धरल्यात. साध्याच आहेत, पण घशाच्या डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही असं बजावलंय. कुजबुजसुद्धा नाही. "चाळीस वर्षं बोललात ना, आता बाकीच्यांना बोलू द्या," असं म्हणाल्या. त्यावर तुझी आई इतकी हसली की मला वाटलं, दोघींचं आधीच ठरलं असावं. २९ जानेवारीपासून मी मुका आहे. गळ्यात पाटी अडकवून घरभर फिरतो. काही हवं असलं की लिहितो आणि आईच्या नाकासमोर धरतो. १२ मार्चला सुटका.

मुक्या वक्त्याने करायचं काय? मी ठरवलं, एक पुस्तिका लिहायची. विषय तुझाच, इंटरनेटवरचा पोकर. ज्याच्याविरुद्ध बोलायचं ते आधी डोळ्यांनी पाहावं, असं मी जन्मभर लोकांना सांगितलं आणि तुझ्या बाबतीत पाळलं नाही, एवढं मान्य करतो. एवढंच. त्यामुळे रीतसर खातं उघडलंय. नियमांची एकतीस पानं अथपासून इतिपर्यंत वाचली. एवढं वाचणारा मी जगातला पहिलाच असेन. तुमच्या घरात आणखी कोणी खेळतं का, असा एक रकाना होता. तिथे 'नाही' लिहिलं, आणि सवयीने खाली रेघही ओढणार होतो.

खेळातलं नाव घेतलंय तोफ. लोक मागून मला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही असं तुम्हा दोघींना वाटायचं.

फक्त फुकट प्रवेशाच्या स्पर्धा पाहणार आहे. खिशातली दमडी त्यात घालणार नाही. तूही कधी घातली नव्हतीस असं आई तेव्हा म्हणायची. मी ऐकून घेतलं नव्हतं.

आई बरी आहे. उत्तराची अपेक्षा नाही. पत्ता पाकिटामागे लिहिलाय. तोच आहे, बदललेला नाही.

बाबा


१२ फेब्रुवारी

चि. गोटीस,

दोन बुधवार झाले. बुधवारी दुपारी तीन ते सहा मी ग्रंथालयाच्या अभ्यासमंडळात असायचो, आठवत असेल. मुक्याचं तिथे काय काम? म्हणून बुधवारी तीनचीच स्पर्धा धरली.

पहिल्या दिवशी तीन हजारांवर माणसं होती आणि माझ्या टेबलावर मी धरून नऊ. पहिल्या मिनिटात त्यातल्या पाच जणांनी पुढ्यातल्या सगळ्या चकत्या लावल्या आणि चौघे घरी गेले. स्वतःचं काही गेलेलं नसलं की माणूस कसा उधळतो ते मी तिथे पाहिलं. राहवेना. बाजूला लिहायला एक चौकट असते, तिच्यात मी 'मित्रहो' अशी सुरुवात केली आणि श्रम, घाम, स्वाभिमान असे एकेक मुद्दे मांडायला लागलो. माझा टंकनाचा वेग तुला माहीत आहे. माझी पाळी आली की यंत्र थोडे सेकंद वाट बघायचं आणि माझे पत्ते आपले आपणच टाकून द्यायचं. मी लिहीत होतो, यंत्र पत्ते टाकत होतं. एकाने लिहिलं, आजोबा, खेळा नाहीतर झोपा. दुसरा म्हणाला, तोफेत दारू नाही. तासाभराने मान वर केली तर तीन हजारांतले सहाशे उरले होते आणि मी त्यांत होतो. एकही डाव न खेळता.

तेवढ्यात आई कोमट पाण्याचा पेला घेऊन आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "पहिला अर्धा तास हात बांधूनच बसायचं असतं. बरं जमतंय तुम्हाला."

पाटीवर लिहिलं, तुला काय माहीत?

"संसाराचा अनुभव," म्हणाली आणि गेली.

काल मात्र नीट खेळलो, म्हणजे नीट पत्ते टाकले. दहातले नऊ डाव सोडायचे. हात शिवशिवतो, तरी सोडायचे. दर फेरीत सक्तीची वर्गणी थोडी थोडी कापली जाते, ती भरून काढायला अधूनमधून एखादा डाव लढायचा आणि पुन्हा गप्प. मी त्र्याऐंशीवा आलो. बक्षीस पहिल्या पन्नासांना. शेवटी शेवटी मी उरलेल्यांची यादी वाचत बसलो होतो. काय एकेक नावं घेतात लोक! उपाशी वाघ. डावा डोळा. एकाने तर 'तिसरी रांग' असं घेतलंय. कोणी नाटकवेडा दिसतो.

तू दिवसाला असल्या किती स्पर्धा खेळायचीस? पाच? सहा? मी दारातून पाहायचो आणि मला वाटायचं, पोर बसून पैसे उडवते आहे. तू बसून पत्ते टाकत होतीस. तासन्‌तास. इतका संयम माझ्या संघटनेतल्या एकाही माणसाजवळ नव्हता. माझ्याजवळ तर नव्हताच.

पण पुस्तिका मी लिहिणारच. कंपनी हे फुकट का वाटते हे मला कळलंय, आणि तुलाही कळलेलं होतं. तो गळ आहे. आज फुकट खेळणारा उद्या पगार घेऊन यावा म्हणून टाकलेला. त्या धंद्याबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. फक्त एक गोष्ट मी कधी ध्यानात घेतली नव्हती. एखादा मासा नुसतं आमिष खातो आणि वर्षभर गळाला लागत नाही, तेव्हा त्याला कोळ्याचा भागीदार म्हणायचं का?

दवाखान्याच्या प्रकरणाबद्दल मी लिहिणार नाही.

बाबा


२० फेब्रुवारी

गोटे,

सगळ्यात आधी हे वाच. आई ठणठणीत आहे. येत्या बुधवारी तिचं नाव यादीत दिसलं नाही तर घाबरू नकोस. तिला काहीही झालेलं नाही. झालंय ते माझ्यामुळे झालंय.

आता क्रमाने सांगतो.

परवा मी एकतिसावा आलो. बक्षीस मिळालं. रक्कम लिहीत नाही, तू हसशील. काल सकाळी कंपनीचं पत्र आलं की तुमच्या घरच्या एकाच जोडणीवरून दोन खाती एका स्पर्धेत खेळत आहेत, हे नियमाबाहेर आहे, खुलासा करा. मी पेटलो. दोन पानं ठोकून दिली. माझ्या घरात मी सोडून कोणी खेळत नाही, माझ्या पत्नीला राजा आणि गुलाम यातला फरक कळत नाही, दुसरं खातं चोराचं आहे, ते ताबडतोब बंद करा. पाठवून दिलं. मग तीच दोन पानं छापून, गंमत म्हणून आईला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो.

तिने वाचलं. गॅस बंद केला. "पाठवलंत?" मी मान हलवली. ती स्टुलावर बसली.

"मग संपलं," म्हणाली.

तिने फोन पुढे केला. त्यावर डावा डोळा हे नाव होतं.

गोटे, तू गेलीस त्या संध्याकाळी मी आईकडून शब्द घेतला होता. तुझ्याशी बोलायचं नाही, तुला लिहायचं नाही. तिने दिला. आपल्या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत, हा माझाच डांगोरा. मला वाटलं होतं चार दिवसांत ती रडून तो मोडेल आणि मी मोठ्या मनाने मोडू देईन. तिने चार वर्षं पाळला. काल मला म्हणाली, "बोलणार नाही म्हटलं होतं. लिहिणार नाही म्हटलं होतं. बघणार नाही असं वदवून घ्यायला तुम्ही विसरलात."

डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिची पट्टी सुटेपर्यंत तू तिच्या उशाशी बसून तिला पत्ते वाचून दाखवायचीस आणि ती पडल्या पडल्या सांगायची, हे टाक, हे ठेव. हे मला काल कळलं. तू गेल्यावर तिने स्वतःचं खातं उघडलं. बुधवारी तीनला, कारण तेव्हा मी घरात नसायचो. पहिल्याच बुधवारी तीन हजार नावांत तिला 'तिसरी रांग' दिसलं आणि ते कोण, हे कोणी सांगावं लागलं नाही. तुलाही 'डावा डोळा' कोण ते विचारावं लागलं नसणार. दोघी एका टेबलावर क्वचितच आलात, आलात तरी एक अक्षर लिहिलं नाहीत. यादीत नाव आहे म्हणजे पोर सुखरूप आहे. जितका वेळ टिकेल तितका वेळ ती नजरेसमोर आहे. तिला बक्षीस नको होतं. तिला बाहेर पडायचं नव्हतं, म्हणून ती इतकी चांगली खेळायला शिकली. दोनशे बुधवार, गोटे. आणि मी तिथे जाऊन दार बंद करून आलो.

दोन्ही खाती चौकशी होईपर्यंत गोठवली आहेत.

मी तिथल्या तिथे पाटीवर लिहिलं, तुला शब्दातून मोकळी केली. तिने वाचून फडक्याने पुसून टाकलं आणि लगेच तुझा नंबर लावला. तो आता कुणा गवंड्याचा आहे.

तर आता दवाखान्याबद्दल लिहितो. आईच्या डोळ्याचं बिल कमी आलं तेव्हा मी चार लोकांत सांगून बसलो होतो की माझ्या कामाची जाण ठेवून दवाखान्याने सवलत दिली. मग कळलं की सवलत नव्हती, नऊ महिने तू साठवलेले पैसे होते, पत्त्यांवरचे. मला राग पत्त्यांचा आला असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. राग सवलतीचा होता, गोटे. ती मला मिळाली नव्हती याचा.

त्या रागात मी ग्रंथालयाच्या सभागृहात उभा राहिलो आणि म्हणालो, जुगारी शोधायला लांब कशाला जाता, माझ्याच घरात आहे, बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. टाळ्या पडल्या. आणि मी टाळ्यांसाठी थांबलो. बोलणाऱ्याला सवय असते, टाळ्या पडल्या की थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा. मी घोट घेतला. लोकांचे गुडघे बाजूला करत तू बाहेर पडलीस ती त्या घोटात.

हे पत्र तुला मिळेल ना? पत्ता आईने एका जुन्या पाकिटावरून दिला. तू मागे पाठवलेले पैसे मी परत केले होते, ते पाकीट. पत्रं अजून तरी परत आलेली नाहीत.

बाबा


५ मार्च

गोटे,

आई ठणठणीत आहे. पुन्हा लिहितो, कारण आधीचं तुला मिळालेलं दिसत नाही.

खातं बंद असलं तरी यादी बघता येते. २५ तारखेला आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. तुझं नाव होतं. आई बोटाने यादी सरकवत होती. दहाव्या मिनिटाला तू सगळं लावलंस आणि बाहेर गेलीस. आई म्हणाली, चार वर्षांत ही पहिल्या तासात कधी गेली नाही. हिने मला शोधलं, मी नव्हते. त्यानंतर ती जेवली नाही. काल तुझं नाव मुळीच नव्हतं.

मुक्या माणसाला भीती वाटली की ती ओरडून घालवताही येत नाही. घरात आम्ही दोघं एकमेकांना दिसणार नाही असे बसतो.

तुझ्या जुन्या नंबरवर आई अजूनही फोन करते. तो गवंडी भला माणूस आहे. पहिल्यांदा चिडला, दुसऱ्यांदा ऐकून घेतलं, आता तोच विचारतो, लागला का मुलीचा पत्ता? माझ्या घशाचीही चौकशी करतो. काल त्याने आईला भिंतीला ओल का येते ते अर्धा तास समजावलं आणि आईने ऐकलं. निदान नंबर तरी तुझा आहे, म्हणाली.

मी कंपनीला लिहिलं. तक्रारी बघणारा जो कोणी असेल त्याला, अकरा पानं. आयुष्यात मालकांना, मंत्र्यांना लिहिली, पण इतकी लाचार पानं कधी लिहिली नव्हती. दोन वेळा मुठी आवळणारी वाक्यं आली, ती खोडली. खोटं मी बोललो, चोर माझ्या घरात नव्हता, तिथे एक आई होती, असं लिहिलं. तिचं खातं उघडा, माझं जाळून टाका.

उत्तर आलेलं नाही. आणखी काय करायचं मला सुचत नाही. माझ्याजवळ शब्दच होते आणि ते मी चुकीच्या ठिकाणी खर्चून बसलो.

घरी फोन करणार नाही असं तू जाताना म्हणाली होतीस. मी सभेतला तो शब्द परत घेतल्याशिवाय नाही. तू कोणाची मुलगी आहेस ते मला ठाऊक आहे. म्हणून फोन वाजला की आम्ही दोघंही उठत नाही. तो तुझा नसणार हे माहीत असतं.

बाबा


११ मार्च, बुधवार, दुपारी पावणेचार

गोटे,

हे पत्र टपालात टाकणार नाही. दारातच तुझ्या हातात देणार आहे. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायची परवानगी उद्याची दिली आहे आणि तू आज येते आहेस.

सोमवारी कंपनीच्या त्या माणसाचं उत्तर आलं. साहेब, अकरा पानांची गरज नव्हती, तुमच्या पत्नीचं खातं आहे ही एक ओळ पुरली असती. एका घरात एकच खातं राहील, कोणाचं ठेवायचं ते कळवा. माझं गेलं, एकतिसाव्या नंबराचं बक्षीसही गेलं. तळाशी त्याने एक अट घातली आहे, ज्याचं खातं त्यानेच खेळायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मी कबूल केलं. या वेळी खरं.

आज सकाळी गवंड्याचा फोन आला. आईने घाईत स्पीकर लावला म्हणून मलाही ऐकू आलं. म्हणाला, काकू, काल एका बाईंचा फोन आला होता. हा नंबर आधी माझा होता म्हणाल्या, कोणी आई म्हणून फोन करत होतं का? मी सांगितलं, करतात की, रोज करतात, ठणठणीत आहेत, साहेबांचा घसा तेवढा धरलाय. मग म्हणाल्या, उद्या निघते.

आई म्हणाली, "अहो, तिचा नंबर?"

"हाताला सिमेंट होतं काकू, सुचलंच नाही."

तर घरी फोन करणार नाही हा शब्द तू पाळलास. घरी येणार नाही असं तू म्हणाली नव्हतीस, हे आज माझ्या लक्षात आलं. आईवर गेली आहेस.

तीनला आम्ही बसलो. डावा डोळा यादीत होतं. आईने दोन्ही हातांनी फोन धरला होता. तिसरी रांग नव्हतं. उशिरा येणाऱ्यांसाठी पंधरा मिनिटं दार उघडं असतं. दहा मिनिटं झाली. बारा झाली. मी पाटीवर 'गाडीत असेल' लिहिलं, तिने बघितलं नाही. चौदाव्या मिनिटाला नाव आलं.

ती रडली वगैरे नाही. नाक ओढलं आणि तुझं टेबल उघडून बघितलं. तुझे पत्ते येत होते आणि आपले आपण पडत होते. वर्गणी कापली जात होती. तू खेळत नव्हतीस. "नाव लावलंय नुसतं," आई म्हणाली. "वाटेत आहे. मला दिसावं म्हणून लावलंय." आणि मग स्वतःचा फोन टेबलावर ठेवून ती उठली. तुझ्या खोलीतल्या चादरी बदलायला गेली आहे. जाताना म्हणाली, "आली की आधी सांगणार आहे तिला, शेवटच्या वीस जणांत आलीस की घाई करतेस. चार वर्षं बघतेय. बापावर गेली आहे त्या बाबतीत." तेव्हा कोणावर गेलीस ते तुम्ही दोघी ठरवा.

मी फोनसमोर बसून लिहितोय. तुम्ही दोघीही खेळत नाही आहात आणि दोघीही अजून आत आहात. बाकीचे उधळून बाहेर जात आहेत. आत्ताच आईच्या पुढ्यात दोन एक्के आले. याहून चांगले पत्ते नसतात हे मला आता कळतं. सेकंद कमी होत गेले. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. यंत्राने एक्के टाकून दिले. इतका मोठा डाव मी मुकाट्याने जाऊ दिला असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

सभेत बोललेला शब्द सभेतच परत घ्यायचा असतो. ग्रंथालयाकडून महिनाअखेरची तारीख घेतली आहे. आवाज कितपत फुटेल ते माहीत नाही. न फुटला तर तिथे हेच वाचलं जाईल. कोणी वाचायचं ते तू ठरव, तू वाचायलाच हवंस असं नाही, तू आलंच पाहिजेस असंही नाही. पण तुला ते सभागृहाच्या आधी समजायला हवं, म्हणून इथे लिहून देतो.

तू जुगारी नव्हतीस. तू कधी काही लावलंच नाहीस. त्या दिवशी त्या सभागृहात सगळं लावणारा एकच माणूस होता. तो मंचावर होता, आणि त्याने टाळ्यांसाठी पोटची पोर लावली. तो शब्द मी परत घेतो. क्षमाबिमा मागायला लिहीत नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तेही परत घेतो.

आई खिडकीशी गेली आहे. आता परत आली. पुन्हा गेली.

सहाशे दहा उरले आहेत. तुझ्या चकत्या अर्ध्यावर आल्या, तिच्याही. तरी पुरतील.

फाटक वाजलं. आईच्या चपलांचा आवाज येतो आहे, एकच पायात असावी. मला हाक मारायची आहे आणि मारायची नाही. पत्राची घडी घालतो.

यादीत अजून दोन्ही नावं आहेत.

बाबा